तुमचं कुठवर आलं?

पार्ले पूर्वेला सकाळी फिरायला जाणारी मंडळी पूर्वी एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करायची. आता विचारतात, "तुमचं कुठवर आलं?" कशाबद्दल, ते सांगावं लागत नाही. "पीएमसी नेमली," म्हणजे प्रकल्प सल्लागार नेमला, असं उत्तर आलं की समोरचा ओळखतो, अजून बरीच वर्षं आहेत. "टेंडर उघडलं," म्हटलं की चालण्याचा वेग कमी होतो. "एलओआय दिलं," म्हणजे बिल्डरला इरादापत्र दिलं, म्हणणाऱ्याला थोडा मान मिळतो. "कोर्टात आहे," म्हणणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि काही न बोलता पुढे निघायचं, अशी पद्धत आहे. "आमची इमारत तशी चांगली आहे हो," असं म्हणणारा एकतर भाडेकरू असतो, नाहीतर तळमजल्यावर दुकान असलेला सभासद.

आमची इमारत तळमजला अधिक तीन मजले, 24 बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. बांधली तेव्हा लिफ्टचा विषय निघाला होता, पण सगळे सभासद तिशीतले, त्यामुळे तो 'अनावश्यक खर्च' म्हणून फेटाळला गेला. ते तिशीतले सभासद आज जिन्याच्या वळणावर ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत दम खात त्या ठरावाची आठवण काढतात. ठराव मांडला कोणी, यावर मतभेद आहेत. जे हयात नाहीत त्यांच्यावर तो सध्या ढकलला जातो.

सोसायटीचं पहिलं मिनिट बुक कपाटात आहे. निळ्या शाईत, शुद्ध मराठीत. 1915 साली गावदेवीत सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली, आणि पुढे मुंबईतल्या पगारदार माणसानं तोच मार्ग धरला. ऑफिसातले ओळखीचे गोळा करायचे, प्लॉट घ्यायचा, कर्ज काढायचं, कंत्राटदार नेमायचा आणि उरलेलं आयुष्य त्या ओळखीच्यांशी भांडायचं. आमच्या मिनिट बुकात मोरीला कडाप्पा लावायचा की शहाबादी, यावर लागोपाठ तीन सभा झाल्याची नोंद आहे. पाण्याच्या टाकीचा विषय मात्र चार ओळींत संपलाय. पुनर्विकासात रहिवाशांचा सहभाग वाढला पाहिजे, असं हल्ली परिसंवादांतून सांगतात. आमच्याकडे तो पाया खणल्यापासून आहे. त्याला आवरायचं कसं, यावर मात्र कोणी परिसंवाद घेत नाही.

इमारत म्हातारी झाली हे नुसतं दिसून चालत नाही, सिद्ध करावं लागतं. मुंबईत 30 वर्षं ओलांडलेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे. इंजिनिअरसाहेब आले, बरोबर यंत्रं उचलायला एक पोरगा. त्यातलं एक यंत्र कॉलमला टेकवून दाबलं की खट्‌कन आवाज होतो आणि आकडा दिसतो. त्याला रिबाउंड हॅमर म्हणतात. दुसऱ्यात कॉलमच्या दोन बाजूंना दोन चकत्या लावून काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडतात. हे सगळं चालू असताना प्रत्येक घरातली माणसं डॉक्टर पेशंट तपासत असावा अशा चेहऱ्यानं मागे उभी होती. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी स्लॅब बघू द्यायला साफ नकार दिला. "पीओपी काढायचं नाही. मुलाच्या लग्नात केलंय." तो मुलगा आता स्वतःच्या मुलाच्या दहावीच्या काळजीत आहे, पण पीओपी तसंच आहे आणि त्याच्यावर काय चाललंय हे परमेश्वराला आणि गंजलेल्या सळयांनाच ठाऊक.

तिसऱ्या मजल्यावर, साहेब वहीत काहीतरी लिहीत असताना, बाथरूमच्या छताचा हातभर तुकडा त्यांच्या हेल्मेटवर पडला. "बघा!" एक गट म्हणाला. "तुम्ही ठोकलंत म्हणून पडला," दुसरा म्हणाला. सोसायटीत दोन पक्ष पडले ते त्या क्षणी.

पहिल्या अहवालात इमारत सी-वन ठरली. म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करा आणि पाडा. दुसऱ्या पक्षानं वर्गणी काढून आपला इंजिनिअर आणला. त्याच्या मते ती सी-टू-बी, म्हणजे कोणी न हलता दुरुस्ती करण्याजोगी. कॉलम तेच, भेगा त्याच. असे दोन उलटसुलट अहवाल आले की प्रकरण महापालिकेच्या टेक्निकल अ‍ॅडव्हायझरी कमिटीकडे जातं, जिला सगळे लाडानं टॅक म्हणतात. टॅकचा निकाल येईपर्यंत आमची इमारत धोकादायकही नव्हती आणि सुरक्षितही नव्हती. सी-वनवाले जिन्यावरून हलक्या पावलांनी उतरत, सी-टू-बीवाले मुद्दाम धपधप पाय आपटत. शेवटी निकाल सी-वनच्या बाजूनं लागला. धपधप करणारे म्हणाले, आम्ही कधी नाही म्हणत होतो? आमचं म्हणणं एवढंच होतं, की घाई नको.

मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप फुटले. मूळ ग्रुपवर देवाचे फोटो आणि पाणी येणार नसल्याच्या सूचना होत्या. त्यातून 'ओन्ली मेंबर्स' निघाला, कारण भाडेकरूंनी मत द्यायला सुरुवात केली. त्यातून 'रिडेव्हलपमेंट फॅक्ट्स' निघाला आणि फॅक्ट्समधून 'विदाउट सेक्रेटरी'. सेक्रेटरी चारही ग्रुपवर आहेत. चौथ्यावर ते बायकोच्या नंबरानं आहेत हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे तिथं त्यांना उद्देशून बोलताना "वहिनी" म्हणतात.

बिल्डर निवडायची सभा ही साधी सभा नसते. सहकार कायद्याच्या कलम 79-अ खाली सरकारनं 3 जानेवारी 2009 रोजी पुनर्विकासाचे निर्देश काढले आणि 4 जुलै 2019 रोजी ते सुधारले. आमच्याकडे गीतेतला अध्याय चुकला तर कोणी बोलत नाही, पण 'सेव्हन्टी नाइन ए'मधला मुद्दा चुकला तर तीन माणसं उभी राहतात. गंमत म्हणजे म्हाडाच्या कायद्यातही एक 79-अ आहे, तो निराळा, उपकरप्राप्त इमारतींसाठी. एक काका तीन आठवडे तो वाचून भांडत होते. त्यांना कोणीच हरवू शकत नव्हतं, कारण कोणालाच त्यांचा मुद्दा सापडत नव्हता.

तर या सभेला दोन तृतीयांश गणपूर्ती हवी, निबंधकांचा अधिकारी हजर हवा आणि सगळ्याचं चित्रीकरण हवं. चित्रीकरण आहे हे कळल्यावर कधी सभेला न येणारे सभासद इस्त्रीचे कपडे घालून आले. सभा शाळेच्या वर्गात होती, त्यामुळे सत्तरीतली माणसं तिसरीच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसली होती. सभासदाशिवाय कोणाला आत प्रवेश नाही. आमचे अर्धे निर्णय जावई आणि अमेरिकेतले मुलगे घेतात, त्यांची यात पंचाईत झाली. जावई खिडकीबाहेर उभे राहून बोटांनी खुणा करत होते. चार बोटं म्हणजे काय, चाळीस हजार भाडं की चारशे फूट, हे सासऱ्यांना कळेना. न्यू जर्सी एका खिशातल्या मोबाइलवर होती आणि मधेच "पपा, डोन्ट साइन एनीथिंग!" असा आवाज खिशातून आला. निबंधकांच्या अधिकाऱ्यांनी वर पाहिलं. पपांनी खिशावर हात ठेवला आणि खोकल्यासारखं केलं.

पूर्वी 75 टक्क्यांची संमती लागायची, 2019 पासून 51 टक्क्यांवर काम भागतं. या एका बदलानं सोसायट्यांतला समाजशास्त्रीय समतोल ढळला आहे. 75 टक्के होते तेव्हा प्रत्येक रुसलेल्या सभासदाच्या घरी कमिटी पेढे घेऊन जायची. आता फक्त मोजून तेरा घरी जाते. पेढेही वरच्या दर्जाचे राहिले नाहीत, असं ऐकतो.

आमच्याकडे एक गृहस्थ आहेत, त्यांना सगळे कलमकाका म्हणतात. सरकारी ऑडिटमध्ये आयुष्य गेलं. त्यांना चहाचा कप दिला तरी तो किती मिलिलिटरचा, हे पाहून पितात. सभेत सगळं सुरळीत चाललेलं असताना, घोषणा होऊन टाळ्या वाजायच्या बेतात असताना, कलमकाका हात वर करतात. "बँक गॅरंटी प्रकल्प खर्चाच्या 20 टक्के म्हणताय. खर्च कोणी ठरवला? बिल्डरनं? मग बिल्डरनं खर्च कमी दाखवला तर गॅरंटीही कमी, हे बरोबर आहे ना?" पंख्याचा आवाज ऐकू येतो. मागून कोणीतरी म्हणतं, "काका, सगळं पेपरावर आहे." काका म्हणतात, "पेपरावरच विचारतोय."

सगळ्यांना त्यांचा राग येतो. मलाही येतो, कारण त्यांच्या प्रश्नांमुळे वडा थंड होतो. पण गोरेगावच्या सिद्धार्थनगरचं, म्हणजे पत्राचाळीचं नाव निघालं की मी वड्याकडे बघणं सोडतो. तिथल्या 672 कुटुंबांचा करार 2008 साली झाला. माणसांनी घरं सोडली. काही काळ भाडं आलं, मग बंद झालं. पुनर्वसनाच्या इमारतींचे सांगाडे उभे राहून तसेच थांबले, जमिनीचे हक्क भलत्यांनाच विकल्याच्या चौकश्या लागल्या, आणि शेवटी म्हाडाला काम आपल्या हातात घ्यावं लागलं. दीड दशक लोक भाड्याच्या घरांतून फिरले. काही जण चावी बघायला राहिले नाहीत. तेव्हापासून ठराव एकमतानं आणि टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला की मला जरा घाबरायलाच होतं, आणि मी मागे वळून बघतो, कलमकाका आलेत ना?

कलमकाकांचा खरा विजय झाला तो चौरस फुटांच्या सभेत. बिल्डरचा माणूस म्हणाला, "तुमच्या कार्पेटवर पस्तीस टक्के ज्यादा." मुंबईत 35 टक्के फंजिबल नावाचं चटई क्षेत्र नियमातच मिळतं, आणि जुन्या सभासदांच्या वाट्याला ते अधिमूल्य न भरता येतं. म्हणजे सरकारनं दिलेलंच बिल्डर आपल्या हातानं वाढत होता. हे काकांनी सांगितलं तेव्हा तो माणूस नुसता हसला. मग काकांनी विचारलं, "कोणतं कार्पेट?" आता तो हसला नाही. कारण जुन्या हिशेबात कार्पेट म्हणजे भिंती सोडून जिथं सतरंजी पसरता येते तेवढी जागा, आणि रेरा कायद्याच्या व्याख्येत घराच्या आतल्या भिंतीही कार्पेटमध्येच धरतात. दोन खोल्यांमधली भिंत, बाथरूमची भिंत, सगळी आपल्या मालकीची चौरस फुटांत मोजलेली जागा. "म्हणजे मला वाढीव जागा मिळणार ती भिंतीच्या आत?" एका वहिनींनी विचारलं. "मग तिथं मी फ्रिज ठेवणार कसा?"

त्या रात्री 24 घरांत टेप निघाले. लोक मोरीचा उंबरा मोजत होते. बंद केलेली गॅलरी कोणाची, जिन्याखालचं कपाट कोणाचं, फ्लॉवर बेडमध्ये आता फ्लॉवर नसून वॉशिंग मशीन असेल तर ते क्षेत्रफळ की अतिक्रमण, यावर पहाटेपर्यंत मेसेज चालू होते. एका बिऱ्हाडाचं मोजमाप मंजूर नकाशापेक्षा अकरा फूट जास्त भरलं. शेजारच्याचं अकरा फूट कमी. त्या दोन घरांत तेव्हापासून भाजीची देवाणघेवाण बंद आहे.

एकूण गणित तसं अवघड नाही. जमीन आमची, वाढीव चटई क्षेत्र नियमांतलं, भांडवल बिल्डरचं, आणि हे सगळं फेडणार कोण, तर नव्या मजल्यांवर जो घर विकत घेईल तो. सगळ्यांचं भाडं, कॉर्पस, आमचं इटालियन मार्बल त्याच्या खिशातून. आणि तोच एकटा सभेला नसतो. असता तर कलमकाकांपेक्षा जास्त प्रश्न विचारले असते.

पण विकायला मजले हवेत, आणि पार्ल्यात वर विमानं आहेत. धावपट्टीच्या जवळ उंचीवर मर्यादा, त्यासाठी विमानतळ प्राधिकरणाचं ना-हरकत पत्र लागतं. पत्र आलं, त्यात मीटरमधला एक आकडा होता. सगळ्यांनी त्याला तीननं भागलं आणि मजले मोजून आपापला मजला मनातल्या मनात निवडलाही. एका काकूंनी तर वरून समुद्र दिसेल म्हणून दुर्बीण घ्यायचं ठरवलं. कलमकाका म्हणाले, "मीटर कुठपासून?" तो आकडा जमिनीपासून नव्हता, समुद्रसपाटीपासून होता. म्हणजे आमची जमीन समुद्रापेक्षा जितकी उंच तितके मीटर आधी वजा. वर पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, विजेची सळई, तेही त्याच आकड्यात. पार्लं समुद्रापेक्षा उंचावर आहे याचा इतका राग आजवर कोणालाच आला नसेल. दर पावसाळ्यात याच गोष्टीचा आम्ही अभिमान बाळगतो.

बिल्डरनं मग आम्हाला थ्रीडी फिल्म दाखवली. संगीत, उगवता सूर्य, आणि आमच्या गल्लीत, जिथं दोन रिक्षा समोरासमोर आल्या की एकीला मागे जावं लागतं, तिथं सहापदरी रस्ता. लॉबीत एक गोरी बाई जॉगिंग करून आली होती, हातात सोनेरी केसांचा कुत्रा. गच्चीवर लोक निळ्या पाण्याकडे बघत नारळपाणी पीत होते. आमच्यापैकी कोणीही त्या फिल्ममध्ये नव्हतं. तळमजल्यावरच्या आजी पहिल्या रांगेत बसून लक्ष देऊन बघत होत्या. फिल्म संपल्यावर म्हणाल्या, "ती बाई कोणाकडची?"

"आजी, ते नुसतं दाखवण्यासाठी असतं."

"असू दे. पण एवढ्या मोठ्या इमारतीत कपडे कुठे वाळत घातलेले दिसले नाहीत."

बिल्डरच्या माणसानं हे लिहून घेतल्यासारखं केलं.

एक गट म्हणाला, बिल्डर हवाच कशाला, आपणच करू. स्वयंपुनर्विकास. यात वेडेपणा काही नाही. सरकारनं 2019 साली त्यासाठी सवलतींचा निर्णय काढला, मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक कर्ज देते, आणि उपनगरांतल्या काही सोसायट्यांनी हे करूनही दाखवलंय. बिल्डरचा नफा आपल्यातच वाटायचा म्हटल्यावर आठवडाभर सगळ्यांच्या चालण्यात फरक पडला. खजिनदार फोनवर "सिमेंटचा रेट काय चाललाय?" असं मोठ्यानं विचारू लागले. मग सभेत प्रश्न आला, की कर्जाच्या कागदांवर सह्या कोण करणार आणि साइटवर रोज कोण उभं राहणार? प्रत्येकानं शेजारच्याकडे पाहिलं. खजिनदारांना पुढच्या महिन्यात मोतिबिंदूचं ऑपरेशन असल्याचं अचानक आठवलं. माझं मत विचाराल तर ही संधी घालवल्याचं मला वाईट वाटतं. पण साइटवर उभं राहायला मीही तयार नव्हतो.

निर्देशांप्रमाणे सभासदांच्या सूचना मागवाव्या लागतात. आम्ही एक डबा ठेवला. डब्यातून निघालेल्या चिठ्ठ्या जपून ठेवायला हव्यात. ओटा तीन इंच खाली हवा, सून उंच आहे पण स्वयंपाक सासू करते. एक संडास भारतीय पद्धतीचा हवा. दाराशी दुधाच्या पिशवीला हूक हवा. गणपतीच्या दिवसांत मखर लिफ्टमधून जाईल इतकी लिफ्ट मोठी हवी. हार्मोनियमचा आवाज वर जाऊ नये आणि वरच्यांच्या मिक्सरचा खाली येऊ नये. फणसाला हात लावायचा नाही. एका चिठ्ठीवर नुसतं लिहिलं होतं, 'बिल्डर शाकाहारी असावा.' पीएमसीचा तरुण आर्किटेक्ट आधी वैतागला. मग त्याच्या लक्षात आलं की मखराच्या मापाची लिफ्ट म्हणजे स्ट्रेचर आत जाईल एवढी लिफ्ट. ते त्यानं लगेच मान्य केलं. ओट्याचंही केलं. फणसाबद्दल मात्र तो म्हणाला, झाडाचा निर्णय आपल्या हातात नाही, 1975 चा वृक्ष कायदा आहे, पालिकेची परवानगी लागेल. नकाशात त्यानं फणसाच्या जागी एक हिरवं वर्तुळ काढलं होतं आणि त्या वर्तुळातून पार्किंगचा रॅम्प जात होता.

मुंबईत सगळ्यांनाच असा डबा मिळालेला नाही. 1920 च्या दशकात, लॉर्ड लॉइड गव्हर्नर असताना, सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं कामगारांसाठी बीडीडी चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून 207 इमारती, सोळा हजारांवर खोल्या, एकेक खोली 160 चौरस फुटांची. तळमजला अधिक तीन मजल्यांचं सिमेंट काँक्रीट, त्या काळातलं अगदी आधुनिक. फक्त ज्यांनी राहायचं त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं, आणि कामगारांनी त्याचा वचपा साधेपणानं काढला. त्यातले बरेच राहायलाच आले नाहीत. कित्येक खोल्या अनेक वर्षं रिकाम्या होत्या. पुढे माणसं आली, त्यांनी त्या काँक्रीटमध्ये आपापले पोटमाळे ठोकले, व्यायामशाळा आणि मंडळं घातली, आणि सरकारला जे नकाशात सुचलं नव्हतं ते पदरच्या खर्चानं बांधलं. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीतल्या पहिल्या 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. 160 वरून 500. आनंद मोठाच. पण शंभर वर्षं उघड्या दारात बसून अख्ख्या चाळीवर लक्ष ठेवणाऱ्या आज्यांना आता लिफ्टसमोर बंद दारांचा पॅसेज मिळालाय. तिथं कोण आलं, कोण गेलं, हे बघायचं काम आता कॅमेरा करतो, आणि कॅमेरा दुपारी कोणाला काही सांगत नाही.

पार्किंगचं थोडक्यात सांगतो, कारण तो विषय लांबवला तर हा लेख कोर्टात जाईल. 24 घरांपैकी गाड्या नऊ जणांकडे आहेत. पार्किंग 24 जणांना दोन-दोन हवी आहेत. यंत्रावर एकावर एक चढणाऱ्या गाड्यांचं चित्र दाखवलं तेव्हा ज्यांच्याकडे स्कूटरही नाही त्यांनी 'वरचं नको, खालचं हवं' असं लेखी दिलं.

भाड्याच्या घरांचं त्याहून थोडक्यात. प्रत्येकाला जागा हवी ती याच गल्लीत, याच भाजीवाल्याच्या टप्प्यात, पहिल्या मजल्यावर. गल्लीतल्या आणखी दोन सोसायट्या त्याच महिन्यात रिकाम्या होत होत्या, हे दलालांना आमच्या आधी माहीत होतं.

शेवटी डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंटचं वाचन. दीडशेच्या आसपास पानं, इंग्रजीत, आणि एकेक वाक्य असं की सुरुवातीचा कर्ता शेवटच्या ओळीत सापडतो. वकीलसाहेब भराभर वाचत होते, कलमकाका त्यांना थांबवत होते. विलंब झाल्यास दंड किती, ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, मिळाल्याशिवाय ताबा नाही हे कुठे लिहिलंय, भाडं आगाऊ चेकनं की महिन्याला, कॉर्पस सोसायटीच्या खात्यात की सभासदाच्या. वडे थंड झाले, पण या वेळी कोणी कुरकुर केली नाही. दोघांतिघांनी स्वतःहून पान नंबर विचारले. न्यू जर्सीच्या पपांनी तर फोन बंद करून चष्मा लावला.

संध्याकाळ होत आली तेव्हा सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या. उरल्या फक्त तळमजल्यावरच्या आजी.

"आजी, इथे सही."

"माझं ते कुठल्या पानावर आहे?"

"कोणतं?"

"दांड्यांचं."

वकिलांनी सेक्रेटरींकडे पाहिलं. सेक्रेटरींनी बिल्डरच्या माणसाकडे. त्यानं त्याची वही चाळली, तिच्यात त्या दिवशीचं काही नव्हतं. आजी शांतपणे म्हणाल्या, की त्या रोज नऊवारी नेसतात. नऊवारी वाळायला छताला दांडी लागते, काठीनं साडी वर टाकायला उंची लागते, आणि खाली पाणी ठिबकेल अशी जागा लागते. ड्रायर त्यांच्या साडीला चालत नाही.

"आजी, प्रत्येक फ्लॅटला युटिलिटी एरिया आहेच," वकील म्हणाले.

"त्यात दांडी आहे का?"

"तसं स्पेसिफिक नाही."

"मग लिहा. तीन दांड्या. स्टीलच्या, पोकळ नकोत, वाकतात. छताची उंची किती?"

आर्किटेक्टनं सांगितली. आजींनी मान हलवली, "चालेल. पण पीओपी करून ती खाली आणायची नाही, हेही लिहा."

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी खाली पाहिलं.

वकिलांनी हातानंच समासात लिहिलं, बिल्डरच्या माणसानं तिथं सही केली, आजींनी चष्मा पुसून ते स्वतः वाचलं आणि मराठीत, ठळक अक्षरांत, पूर्ण नावानं सही केली. सेक्रेटरींनी सुटकेचा श्वास सोडला आणि कागद गोळा करायला घेतले, तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून आवाज आला, "एक मिनिट. दांड्या फक्त त्यांनाच का?"

बावीस हात वर झाले. कलमकाकांनी आपला हात वर केला नाही. त्यांनी पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला आणि म्हणाले, "मी परिशिष्ट तयारच करून आणलंय. पंचा आणि चादर धरून प्रत्येकी चार लागतात."